नसांचं राहू द्या, तो घोट्यावरचा डाग आधी दाखवा

पत्र डोंबिवलीहून आलंय. ताईंचं वय ४६, घरगुती पोळीभाजी केंद्र आहे, हाताखाली दोन बायका. पहाटे साडेपाचला ओट्याशी उभ्या राहतात ते दुपारी २ पर्यंत, मग संध्याकाळी ४ ते ९ परत. डाव्या पोटरीवर निळ्या गाठीगाठीच्या नसा, म्हणजे व्हेरिकोज व्हेन्स, दुसऱ्या बाळंतपणापासून आहेत. संध्याकाळी पाय शिसं भरल्यासारखे जड होतात, रात्री पोटरीत गोळे येतात, घोट्यापाशी सूज असते, डावीकडे जास्त. आणि वर्षभरात आतल्या घोट्याच्या जरा वर एक काळपट तपकिरी डाग पडलाय, तिथे खाज येते. केमिस्ट म्हणाला रक्त घट्ट झालंय, ॲस्पिरिन चालू करा. नणंद रोज गरम पाण्यात पाय बुडवून तेलाने रगडून देते. ऑनलाइन मागवलेले घट्ट मोजे चढतच नाहीत म्हणून कपाटात पडलेत. एका शिबिरात "दोन्ही पायांचं लेझर करून टाका" असं सांगितलं आणि त्या घाबरल्या, नस जाळली तर रक्त जाणार कुठून? बीपीची गोळी चालू आहे, ॲम्लोडिपिन. आईला याच जागी जखम झाली होती, ती शेवटपर्यंत वाहत होती. आणि डिसेंबरात भाच्याचं लग्न आहे.

ताई, तुम्ही दीड पान नसांवर लिहिलंय आणि त्या डागाला एक ओळ दिलीय. मी तुमचं पत्र उलटं वाचलं. निळ्या नसा दिसायला वाईट दिसतात पण कित्येक जणी त्या घेऊन पन्नास वर्षं मजेत फिरतात, माझ्याही उजव्या पायावर आहेत. डाग पडला, खाज सुटली, म्हणजे आता नुसत्या नसेचा प्रश्न राहिला नाही, कातडी बिघडायला लागलीय. डॉक्टर लोक या दुखण्याच्या पायऱ्या मोजतात, शून्य ते सहा. नुसत्या फुगलेल्या नसा ही दुसरी पायरी, सूज तिसरी, तुमचा डाग चौथी, आणि आईची वाहती जखम होती ती सहावी. मधे फार अंतर नाहीये. पण चौथीवरच थांबवता येतं, म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

आता "रक्त घट्ट झालंय" या प्रकाराबद्दल. नाही झालेलं, निदान तुम्ही लिहिलंय त्यात तरी तसं काहीच नाही. बिघडलीयत ती झडपं. म्हणजे बघा, हृदय रक्त खाली पायापर्यंत ढकलतं ते ठीक, पण तिथून परत वर आणायला जो पंप लागतो तो पोटरीत आहे. पाऊल टाकलं की पोटरी आवळते, आतल्या खोल नसा ओल्या फडक्यासारख्या पिळल्या जातात आणि रक्त वर सरकतं, आणि ते परत खाली येऊ नये म्हणून नसेत जागोजागी छोटी झडपं असतात. गावाकडे विहिरीवरच्या मोटरीला खाली फुटबॉल बसवतात ना, फूट व्हॉल्व्ह, तो गळका झाला की मोटर बंद करताच पाइपातलं पाणी सगळं परत विहिरीत, अगदी तसंच. कुणाची झडपं जन्मतःच कच्च्या कुळातली असतात (तुमच्या आईकडून आलं असणार), त्यात बाळंतपणं, वय, वजन, आणि वर दिवसाला साडेतेरा तास उभं राहणं.

तरी मी "उभं राहू नका" असं म्हणणार नाहीये, कारण तसं सांगणं म्हणजे धंदा बंद करा सांगणं. आणि दोष उभं राहण्यात नाहीये फारसा, न हलता उभं राहण्यात आहे. निश्चल उभं असताना घोट्यापाशी नसेत पाऱ्याचे ८० ते ९० मिलिमीटर दाब असतो, हृदयापासून घोट्यापर्यंतच्या रक्ताचा सगळा भार तिथे येतो. धडधाकट झडपांच्या माणसाने थोडी पावलं टाकली की तोच दाब ३० च्या आसपास किंवा त्याखालीही येतो. झडपं गळकी असतील तर चालूनही तेवढा उतरत नाही, पण थोडा तरी उतरतो, आणि आपल्याला तो थोडाच हवाय. तुम्ही पोळ्या लाटता तेव्हा हात चालतात, खांदे चालतात, पाय मात्र खांबासारखे. तोच दाब दिवसभर राहिला की बारीक नळ्यांतून पाणी आणि लाल पेशी बाहेर झिरपतात, पेशी फुटतात, त्यातलं लोह कातडीत राहतं. तुमचा डाग म्हणजे तो गंज आहे हो. ओला तवा ओट्यावर तसाच ठेवला की खाली गोल उठतो ना, तो जसा घासून जात नाही तसा हाही पूर्ण जाणार नाही, फिका होईल. पसरायचा थांबवणं हे काम.

खाजेवर तुम्ही काही लावताय का ते लिहिलं नाहीत पण मला खात्री आहे लावताय. गजकर्णाचं म्हणून दुकानात जे मिक्स क्रीम मिळतं, ज्यात स्टिरॉइडपण असतं, अँटिबायोटिकपण आणि बुरशीचं औषधपण, ते असेल तर आजच बंद. असल्या कातडीला अशा क्रीमची ॲलर्जी लवकर येते आणि मग खाज दुप्पट. हळद, लिंबू, कडुनिंबाचा लेपही नको. साधं खोबरेल किंवा पांढरं व्हॅसलीन, आंघोळीनंतर, हलक्या हाताने. आणि नखं कापा, कारण आईची ती जखमही कदाचित एका खाजवलेल्या ओरखड्यानेच सुरू झाली असेल, बऱ्याच जणांची तशी होते.

नणंदेला दुखवू नका, पण गरम पाणी बंद करायला सांगा. उष्णतेने नसा अजून सैलावतात, म्हणून तर उन्हाळ्यात आणि भट्टीजवळ तुमचे पाय जास्त ठणकत असणार. त्याऐवजी काम संपल्यावर गुडघ्याखाली साधं गार पाणी ओता. तेल लावायचं तर लावू दे बिचारीला, पण रगडायचं नाही, फुगलेल्या नसेवर तर अजिबातच नाही, आणि एखादी नस दोरीसारखी कडक, लाल, दुखरी झाली असेल तर हातच लावायचा नाही, डॉक्टर गाठायचा, आत गुठळी झालेली असते.

ॲस्पिरिन स्वतःहून नको. गळक्या झडपेवर रक्त पातळ करून काय होणार, पातळ पाणीही गळतंच की.

बीपीच्या गोळीचा मुद्दा मात्र महत्त्वाचा आहे आणि तो तुम्ही सहज जाता जाता लिहिलाय. ॲम्लोडिपिनने बऱ्याच जणांच्या घोट्यांना सूज येते, आणि मग ती सूज नसांच्या नावावर खपते. तशी सूज सहसा दोन्ही पायांना सारखी असते, तुमची डावीकडे जास्त आहे म्हणजे नसही आहेच, पण गोळीची भर पडत असू शकते. गोळी आपली आपण बंद करायची नाही हं, बीपी चढून भलतंच व्हायचं. ज्यांनी दिलीय त्यांना विचारा की बदलून मिळेल का, पर्याय भरपूर आहेत. आणि लघवी जास्त करणाऱ्या गोळ्या कुणी नुसत्या पायाच्या सुजेसाठी देत असेल तर कशासाठी ते विचारा, नसांच्या सुजेला त्यांचा फारसा उपयोग नसतो. दोन्ही पाय सुजतात तेव्हा एकदा लघवीतलं प्रोटीन, क्रिएटिनिन, थायरॉइड आणि हृदय बघून घेतलेलं बरं.

आता मोजे. हा भाग जरा सविस्तर लिहिते कारण इथेच सगळ्या हरतात, मीसुद्धा पहिल्यांदा घातले तेव्हा पलंगावर बसून घाम गाळला होता आणि शेवटी रडकुंडीला येऊन भिरकावून दिले होते. ऑनलाइन मागवताना तुम्ही बुटाच्या नंबरावरून मागवले असणार. हे मोजे टेपने माप घेऊन घ्यायचे असतात, घोट्याच्या वर जिथे पाय सर्वात बारीक तिथला घेर, पोटरीचा सर्वात जाड घेर, आणि तेही सकाळी उठल्या उठल्या, सूज नसताना. तुमच्यासारख्या केसमध्ये साधारण २० ते ३० मिलिमीटर दाबाचा, गुडघ्याखालपर्यंतचा पुरतो, मांडीपर्यंतचा डोंबिवलीच्या घामात कोण घालणार, तो घरंगळतो आणि मग गुडघ्यामागे वळी पडून तिथेच आवळतो. बोटं उघडी असलेला घ्या. सकाळी पलंगावरून पाय खाली सोडायच्या आत घालायचा, अर्धा तास उभं राहून सूज आली की चढत नाहीच. युक्ती अशी: भाजीची पातळ प्लॅस्टिकची पिशवी आधी पावलावर चढवायची, त्यावरून मोजा सरकवायचा, टाच जागेवर आली की बोटांकडून पिशवी ओढून काढायची. हातात भांडी घासायचे रबरी ग्लोव्हज घाला, कापड छान पकडतं आणि नख लागून फाटतही नाही. वरची कड दुमडायची नाही, कधीच. रात्री झोपताना काढायचा. रोज धुवा, दोन जोड ठेवा, सहा महिन्यांत ताण जातो तेव्हा बदला, "अजून चांगला दिसतोय" म्हणून दोन वर्षं वापरू नका.

पण थांबा, घालायच्या आधी एकदा डॉक्टरकडून पावलावरची नाडी तपासून घ्या. शुगर आहे का ते लिहिलं नाहीत. मिश्री लावत असाल तर तेही सांगा, मला नाही, त्यांना, लाजू नका. कारण रक्त खाली आणणाऱ्या नळ्याच अरुंद झाल्या असतील तर वरून घट्ट मोजा आवळणं धोक्याचं. ओळखायची साधी खूण, तुमचे पाय वर केले की बरं वाटतं ना, ते नसांचं. ज्यांना ठरावीक अंतर चाललं की पोटरी दुखते आणि थांबलं की राहते, किंवा पाय वर केला की उलट जास्त दुखतो, पावलं गार असतात, त्यांचं दुखणं वेगळं, त्यांनी माझा मोज्याचा परिच्छेद विसरून जावा.

ओट्याशी काय करायचं. दर पंधरा-वीस पोळ्यांनी दोन्ही टाचा उचलायच्या, पंजावर उभं राहायचं, सावकाश खाली, असं दहा-बारा वेळा. हा तुमचा पोटरीचा पंप हाताने मारल्यासारखा. पायाखाली एक पाट ठेवा, कधी डावा पाय त्यावर कधी उजवा. कणीक मळणं, भाजी निवडणं, पोळ्या मोजून पॅक करणं, ही कामं बसून होतात, लाटणंही होतं जर उंच स्टूल असेल तर, आमच्याकडे उगाच समज की बसून केलं म्हणजे आळस. दुपारी २ ते ४ जो वेळ आहे त्यात वीस-पंचवीस मिनिटं आडवं पडा आणि पाय भिंतीला लावा किंवा खाली दोन गोधड्यांची वळकटी. खुर्चीत बसून पाय समोरच्या स्टुलावर, याला पाय वर करणं म्हणत नाहीत, पाय हृदयाच्या वर हवेत. रात्री पलंगाच्या पायथ्याच्या दोन पायांखाली एकेक वीट. उशा ठेवू नका, झोपेत लाथाडल्या जातात. आणि रोज अर्धा तास चालणं, ओट्याजवळच्या फेऱ्या त्यात धरायच्या नाहीत.

एक सांगू का, ते स्टूल आणाल तेव्हा तीन आणा. तुमच्या हाताखालच्या दोघी पण तेवढाच वेळ उभ्या असतात आणि त्या तुम्हाला पत्रसुद्धा लिहिणार नाहीत. केरळात साड्यांच्या दुकानांतल्या बायकांना दिवसभर बसूच देत नव्हते, त्यासाठी कोझिकोडच्या पी. विजी आणि त्यांच्या सोबतच्या बायका वर्षानुवर्षं भांडल्या, आणि २०१८ साली तिथे कायद्यात बसायचा हक्क आला, २०२१ मध्ये तामिळनाडूनेही तसाच केला. नसांच्या दुखण्यावर कायदा करावा लागला बघा. तुम्हाला तर मालकीण म्हणून नुसतं दुकानात जाऊन स्टूल आणायचंय.

लेझरचं. शिबिरात उभ्या उभ्या दोन्ही पायांचं लेझर सांगणाऱ्यांवर माझा विश्वास बसत नाही, तुमचा उजवा पाय तर तुम्ही लिहिता त्यावरून नुसता थकलेला आहे. आधी डॉपलर सोनोग्राफी, आणि ती उभं करून केलेली हवी. झोपवून पाच मिनिटांत उरकली तर पैसे वाया, कारण झडप गळते ते उभं राहिल्यावरच नीट दिसतं. पोटरी दाबून सोडतात आणि रक्त उलटं किती वेळ वाहतं ते मोजतात, वरच्या, म्हणजे कातडीखालच्या नसेत अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त गेलं तर झडप गेली. रिपोर्टमध्ये दोन गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या हव्यात, खोल नसा मोकळ्या आहेत का, आणि कोणती वरची नस कुठून गळतेय. हा रिपोर्ट घेऊन व्हॅस्क्युलर सर्जनकडे जा, ज्यांचं कामच रक्तवाहिन्यांचं आहे.

आणि रक्त जाणार कुठून हा प्रश्न सगळ्याच विचारतात. पायातलं साधारण ९० टक्के रक्त आतल्या खोल नसांमधूनच वर जातं, कातडीखालची नस ही गल्ली आहे, हायवे नाही, आणि तुमची ती गल्ली तर आता उलट्या दिशेने वाहतेय, ती बंद केली तर पायाचा भार कमीच होणार. शेजारीपाजारी कुणाची बायपास झालीय का बघा, त्यांच्या पायावर लांब व्रण असेल. हृदयाला जोडायला हीच नस काढून नेतात, ग्रेट सॅफेनस तिचं नाव, आणि ती माणसं त्याच पायांनी सकाळी बागेत फिरतात.

पूर्वी नस उपसून काढायचे, भूल, टाके, आठवडाभर सुट्टी. आता सुईने आत बारीक तार घालून लेझरने किंवा रेडिओफ्रीक्वेन्सीने ती आतून बंद करतात, पायापुरती भूल देऊन, तासाभराचं काम, त्याच दिवशी चालत घरी. काही ठिकाणी गोंदासारखं औषध वापरतात, बारीक नसांना फोमचं इंजेक्शन. यातलं काहीही केलं तरी पुढे काही जणांना परत नसा फुगतात, तुम्हाला कुणी "कायमचं गॅरंटीने" म्हणालं तर उठून या. पण तुमचा डाग बघता मी म्हणेन की डॉपलरमध्ये गळती निघाली तर करून घ्या, जखम होईपर्यंत थांबू नका. ज्यांना जखम झालीच आहे त्यांच्यावर ब्रिटनमध्ये ४५० पेशंटचा अभ्यास झाला, २०१८ मध्ये छापून आला, नुसतं पट्ट्या बांधून थांबण्यापेक्षा सोबत लवकर नस बंद केलेल्यांची जखम साधारण ५६ दिवसांत भरली, थांबलेल्यांची ८२. तुमच्या आईच्या वेळी हे काहीच नव्हतं. पावडरी टाकत बसायचे, तिला नीट दाबाची पट्टी बांधली असती तरी कदाचित भरली असती, हे लिहिताना मला वाईट वाटतंय पण खरं आहे ते.

पैशाचं म्हणाल तर मेडिक्लेम आधी उघडून वाचा, बऱ्याच पॉलिसीत व्हेरिकोज व्हेन्सला पहिली २ वर्षं थांबावं लागतं. महात्मा फुले योजनेत तुमची केस बसते का ते योजनेतल्या हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला विचारा, त्याच कामाला बसवलेला असतो तो. डायोस्मिनच्या गोळ्या तुम्हाला कुणीतरी लिहून देतीलच, जडपणा आणि सूज थोडी कमी होते काहींची, घ्या हवं तर, झडप मात्र त्याने शिवली जात नाही.

दोन गोष्टी फ्रिजवर लिहून लावा. एक, फुगलेली नस कधी फुटली, बऱ्याचदा बाथरूममध्ये गरम पाण्याने फुटते, तर घाबरवणारं रक्त येतं. माझ्याकडे एकीला खुर्चीत बसवून, मांडीला ओढणी करकचून बांधून रिक्षातून आणलं होतं, रक्त थांबतच नव्हतं, घरचे पांढरेफटक. तिला तिथेच जमिनीवर झोपवलं, ओढणी सोडली, पाय भिंतीवर उंच केला आणि अंगठ्याने दाबून धरलं, थांबलं. तर झोपायचं, पाय वर, दहा मिनिटं दाबून धरायचं, मधे उचलून बघायचं नाही, मांडीला काही आवळून बांधायचं नाही, आणि मग डॉक्टर. दुसरी, एकच पाय अचानक सुजला, गरम लागला, पोटरी दाबली की दुखते, तर ती रोजची सूज नव्हे, त्याच दिवशी हॉस्पिटल. त्यात दम लागला किंवा छातीत दुखलं तर सरळ १०८.

राहिलं लग्न. डॉपलर आत्ता करा, प्रोसिजर करायची ठरली तर लग्नाच्या आधी गडबडीत नको, नंतर निवांत. गाडीने जाताना दर तासाला उतरून शंभर पावलं चाला, आणि बसल्या जागी पावलं वर-खाली करत राहा. मोजा घालूनच जा, नऊवारीखाली काही दिसत नाही, मी स्वतःच्या पुतणीच्या लग्नात घातला होता आणि घरात कुणालाच कळलं नाही. स्टेजवर फोटोग्राफर तासभर उभं करतो तेव्हा टाचा उचलत राहायच्या, साडीखाली कोण बघतंय.